सदर भाषा मला अवगत आहे

कोंकणी मला येत नाही, आणि येते असं मी एका सरकारी कागदावर सही करून लिहून दिलं.

घडलं ते एवढंच. पुढे मी त्याला बरीच नावं दिली. गैरसमज, घाई, टाइपरायटरचा दोष, दोन देशांचं राजकारण. त्यातलं राजकारण हे नाव मला सर्वांत आवडायचं, कारण त्यात मी कुठे सापडत नव्हतो.

आम्ही तेव्हा वेल्समध्ये, कार्डिफला होतो. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये क्लार्क. रेकॉर्ड्स म्हणजे तळघर. छताला लागून एक आडवी खिडकी होती, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसत, आणि ते बूट जवळजवळ बाराही महिने ओले असत. पुण्याला मी 'मेडिकल लाइनमध्ये आहे' असं कळवलं होतं. त्यामुळे शेजारपाजारचे लोक मला पत्रातून आपले दुखणारे गुडघे कळवायचे आणि मी त्यांना विश्रांती सांगायचो. विश्रांतीने कोणाचं वाईट झाल्याचं ऐकलं नाही.

गावातले मराठी लोक बहुतेक डॉक्टर. मी बी.ए., तेही मराठी घेऊन, म्हणजे त्यांच्या लेखी फॉर्म भरण्यापुरता कामाचा. कौन्सिलचा कागद, पासपोर्टचा कागद, शाळेचा कागद. "भावजी, तेवढं बघता का?" म्हणत वहिनी लोक कागद पुढे करायच्या आणि मी आधी चष्मा काढून पुसायचो. वाचायला काही अडत नसे. पण त्या पुसण्यात माझा सगळा मान होता.

हॉस्पिटलच्या किचनमध्ये एक गोवेकर होता. पन्नाशी उलटून गेलेला, रुंद, कमी बोलणारा. वीस वर्षं जहाजांवर स्वयंपाक करून शेवटी या बंदरात उतरला आणि इथेच राहिला. लग्न केलं नव्हतं. मी एकदा कॅन्टीनच्या क्यूमध्ये उकडलेल्या कोबीकडे बघून मराठीत काहीतरी पुटपुटलो, तर काउंटरपलीकडून आवाज आला, "तूं खंयचो?"

तू कुठला, असं विचारत होता, आणि पुणेरी कानाला तो 'तूं' चांगलाच टोचला. पण दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या मॅशच्या ढिगाखाली एक हिरवी मिरची निघाली. गोदीवरच्या कुठल्याशा खलाशाकडून मिळवलेली. मी इकडेतिकडे बघून ती खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा 'तूं' मी माफ केला. तो मला 'बाब' म्हणायचा, म्हणजे आपल्याकडचं 'राव', त्यावरून मी स्वतःची समजूत घातली की हा 'तूं' आदरार्थी असावा.

त्याची कोंकणी मला कळायची. म्हणजे दहांतले सात शब्द कळायचे आणि तीन मी जोडून घ्यायचो. त्याच्या बळावर मी डॉक्टरांच्या घरी जेवताना ठासून सांगायचो, की कोंकणी ही काही वेगळी भाषा नव्हेच, ती आपली मराठीच, जरा नाकातून काढलेली. गोव्यात त्या काळी यावरून लोक एकमेकांच्या अंगावर जात होते. मी वेल्समध्ये बसून, पापड मोडत, तो प्रश्न सोडवून टाकला होता.

एका नोव्हेंबरात तो तळघरात आला. बाहेरच्या ओल्या कोटातच. कोटाच्या बाहीवर काळ्या कापडाची पट्टी शिवलेली होती. मला वाटलं, कोट फाटलाय. त्याने खिशातून एक पत्र काढलं, एक छापील फॉर्म काढला, दोन्ही माझ्या टेबलावर ठेवले.

"वाच, बाब. म्हाका घरा वचूंक जाय."

त्याला घरी जायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. तो जहाजावर चढला तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. एकसष्टच्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा हा कुठल्यातरी समुद्राच्या मध्यावर कांदे चिरत होता. मागे राहिलेल्यांची नावं आपल्या याद्यांत चढली, याचं कुठेच चढलं नाही. खिशात पोर्तुगालचा पासपोर्ट. आपले आणि पोर्तुगालचे संबंध तुटलेले, गोवा गेला हेच ते कबूल करत नव्हते. तो पोर्तुगालच्या ऑफिसात गेला तर तिथला माणूस म्हणाला, "गोव्याला जायला व्हिसा कसला? गोवा आमचाच प्रांत आहे, खुशाल जा." लंडनच्या आपल्या ऑफिसात गेला तर तिथला म्हणाला, "हा पासपोर्ट ज्यांनी दिलाय त्यांच्याशी आम्ही बोलत नाही." एकजण म्हणतो जा, त्याचं तिथे काही चालत नाही; दुसऱ्याचं चालतं, तो म्हणतो तू कोण. मधे हा, हातात पिशवी घेऊन.

मात्र एक वाट होती. घरात कोणी अत्यवस्थ असेल, मागे बघणारं कोणी नसेल, तर तातडीची परवानगी मिळू शकत होती. त्यासाठी घरचं पत्र आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. भाषांतराखाली करणाऱ्याने सही करून लिहायचं, की सदर भाषा मला अवगत आहे. त्याला इंग्रजी बोलता यायचं, लिहिता येत नव्हतं.

पत्र बहिणीचं होतं, रोमन लिपीतल्या कोंकणीत. चार ओळी. मी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं.

"भाव अंतरलो. माय हांतरुणार आसा. तुजी वाट पळयता. वेगीं यो."

यात न कळण्यासारखं काय होतं? आई अंथरुणावर आहे, तुझी वाट पाहते, लवकर ये. आणि भाऊ अंतरला. आपल्याकडे माहेर अंतरतं, मित्र अंतरतो. माणूस असतो, पण आपला राहत नाही. थोरला भाऊ, म्हातारीला सांभाळणारा, काहीतरी वाजलं असणार, गेला घर सोडून. इंग्रजीत याला 'एस्ट्रेंज्ड' असा एक झकास शब्द आहे. बरीच वर्षं तो माझ्याजवळ पडून होता, रेकॉर्ड्समध्ये वापरायला मिळत नव्हता. मी तो टाइप केला आणि वाकून पाहिलं. छान दिसत होता.

"घरांत आतां कोण ना," तो म्हणाला.

"मनाला लावून घेऊ नकोस," मी म्हटलं. "भावाभावांत हे व्हायचंच. येईल परत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमच्यांत येतात. आमच्यांत येनांत."

मला वाटलं, ख्रिश्चन लोक भांडणाच्या बाबतीत फारच करारी दिसतात. मी म्हटलं, "अरे, सगळीकडे सारखंच असतं. थोडा काळ जाऊ दे." त्याने मान हलवली. मी खाली लिहिलं, सदर भाषा मला अवगत आहे, आणि सही केली. माझी सही तेव्हा फार लफ्फेदार होती.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. तेवढ्यात डिसेंबर सरत आला होता, चार वाजता अंधार पडायचा, तळघरात दिवसभर ट्यूब जळायची आणि तिचा तो चरचर आवाज. तो रोज एकदा वरून खाली यायचा, दारातूनच भुवया उंचावायचा, मी मान हलवायचो, तो परत वर जायचा. मग एकदा आला तो पाकीट घेऊनच. पाकीट फोडलेलं नव्हतं. माझ्याकडून फोडून घ्यायचं म्हणून तो ते तसंच पोटाशी धरून आला होता.

सोबतच्या पत्रावरून असं दिसतं, असं त्यात लिहिलं होतं, की अर्जदाराचा थोरला भाऊ हयात आहे, कुटुंबात वाद आहे, आणि आईची देखभाल करणारी व्यक्ती उपलब्ध आहे. कौटुंबिक वाद हे तातडीचं कारण होत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवरचा माणूस घराच्या वादात पडायला येतो आहे, हा वास त्यांना आला असणार, तो मात्र लिहिलेला नव्हता.

"कितें म्हणटात?" त्याने विचारलं.

"नाही म्हणतात."

"कित्याक?"

आता इथे मी नुसतं वाचून दाखवलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मी मोठा दयाळू. म्हटलं, या बिचाऱ्याच्या घरची भांडणं त्याच्याच तोंडावर कशाला वाचायची? "राजकारण रे," मी म्हणालो. "त्यांचं आपलं जमत नाही, त्यात तू सापडलास." तो म्हणाला, बरं. आणि पत्र खिशात घालून वर गेला.

पुढच्या रविवारी दुपारी एका डॉक्टरांकडे जेवायला होतो. तिथे मी ही हकीकत रंगवून सांगितली. सरकारी माणसांचे आवाज काढले, सगळे हसले. घरच्या वहिनी मूळच्या कारवारच्या. त्या भात वाढत होत्या. म्हणाल्या, "पण भावजी, पत्रात होतं तरी काय?"

मी नाकातून म्हणून दाखवलं. "भाव अंतरलो."

वहिनींनी भाताचं भांडं खाली ठेवलं. "आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"दुरावला. भांडून गेला."

"अहो, अंतरलो म्हणजे गेला. वारला. त्याचा भाऊ मेलाय."

कोणी हसलं नाही. एका डॉक्टरांनी घसा साफ केला आणि लोणचं मागितलं. बसमधून घरी येताना मला बाहीवरची ती काळी पट्टी आठवली, त्यांच्याकडची सुतकाची खूण. मग ते दुसरं आठवलं. येईल परत, असं मी म्हणालो होतो. तुमच्यांत येतात, असं तो म्हणाला होता. त्या माणसाला वाटलं होतं, हा हिंदू मला पुनर्जन्म सांगतोय. आपला मेलेला भाऊ परत येईल म्हणतोय, त्याच्या धर्मात असेल तसं, माणूस मनाने चांगला आहे. आणि थोडा काळ जाऊ दे, असंही मी वर म्हणालो होतो.

शेजारी बसलेली बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उद्या सकाळी जाऊन सांगा त्याला."

"सांगतो."

"आणि लंडनलाही कळवा, की चूक माझी."

"कळवतो."

सोमवारी मी त्याला म्हणालो, "आपण आणखी एक अर्ज करू. भावाच्या मृत्यूचा दाखला मागव." माझी जीभ 'मृत्यू' शब्दाला जरा अडखळली. त्याने विचारलं नाही, की पहिल्याच वेळी का नाही मागवला. बहिणीला पत्र गेलं, सहा आठवड्यांनी चर्चचा दाखला आला. मी नवा अर्ज लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीशी थांबलो. चूक माझी, असं लिहायचं म्हणजे आधीची सही खोटी होती असं लिहायचं. परदेशात राहणारा माणूस आपल्याच सरकारला खोटं लिहून देतो, उद्या आपला पासपोर्ट रिन्यू करायला जायचंय, बायकापोरं आहेत. अशी सगळी कारणं मी जमवली. खरं कारण लहान होतं. वहिनी लोकांनी माझ्यापुढे कागद धरणं थांबवलं असतं.

तेव्हा मी लिहिलं, की पहिल्या अर्जानंतर दुर्दैवाने भावाचं निधन झालं आहे.

दाखल्यावरची तारीख मी पाहिली होती. पहिल्या अर्जाच्या अगोदरची होती. वाटलं, पोर्तुगीजमधला कागद, कोण बारकाईने बघतोय?

त्यांनी बघितला. पत्र आलं, की पहिल्या अर्जानुसार भाऊ हयात असून कुटुंबाशी त्याचा बेबनाव आहे. दाखल्यानुसार तो त्याआधीच मृत आहे. अर्जदाराने खुलासा करावा. अर्जदाराने. माझ्याबद्दल अक्षर नव्हतं. मेलेल्या भावाला भांडायला लावल्याचा संशय आता त्याच्यावर होता.

त्या खुलाशाचे मी अकरा मसुदे केले. टाइप करायचो, फाडायचो. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "त्याला सांगितलंत?" मी म्हणायचो, "आधी कागद नीट होऊ दे." ती पुन्हा विचारायची नाही. तिचं ते न विचारणं अख्ख्या घरात ऐकू यायचं.

मार्च उजाडला. एक दिवस मी जेवायला कॅन्टीनला गेलो तर काउंटरवर दुसरीच बाई होती. तो मागच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यावर बसला होता, हातात बहिणीचं पत्र. या वेळी त्याने ते माझ्याकडे दिलं नाही. स्वतःच वाचून दाखवलं, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत.

"माय अंतरली."

मला अर्थ विचारावा लागला नाही.

तो उठला, ॲप्रन बांधला आणि कामाला लागला. दुपारी तीनशे माणसांचं जेवण व्हायचं होतं. मी तिथेच उभा राहिलो. अकरावा मसुदा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. आता सांगून काय फायदा, असं मी स्वतःला म्हणालो, आणि ते इतकं सोयीचं वाक्य निघालं की त्यावर मी सहा वर्षं काढली.

सहा वर्षांत आमचं काही बिघडलं नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मॅशखाली मिरची येत राहिली. नाताळात तो ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, आणून द्यायचा, माझी मुलं त्यांवर तुटून पडायची. मी त्याच्याशी बोलताना दर वेळी सरकारांना शिव्या द्यायचो, दोन्हीकडच्या. पोर्तुगालच्या हुकूमशहाला देत असे त्या तर अख्ख्या वेल्समध्ये कोणी दिल्या नसतील. तो ऐकून घ्यायचा. कधी म्हणायचा, "आसतलें," म्हणजे असेल. मला ते सहमतीसारखं वाटायचं.

मग चौऱ्याहत्तर साली पोर्तुगालमध्ये ते जुनं राज्य पडलं, आणि वर्ष संपता संपता लिस्बनच्या नव्या लोकांनी गोवा भारताचा हे कबूल केलं. संबंध पुन्हा जुळले. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी बसमध्ये ती बातमी वाचली. आतल्या पानावर, चार ओळींची. मी दोन स्टॉप आधीच उतरलो आणि पावसात चालत हॉस्पिटलला गेलो. काय घाई होती कोण जाणे. बहुधा असं वाटलं असावं, की सरकारांचं मिटलं तर आपलंही आपोआप मिटेल.

तो किचनच्या मागच्या दाराशी मोठी पातेली घासत होता. त्या उन्हाळ्यात त्याची रिटायरमेंट होती. केस पूर्ण पांढरे झाले होते, आणि पाठीला एक बाक आला होता.

"अरे, झालं!" मी पेपर पुढे धरला. "संबंध जुळले. आता व्हिसा मागायचा आणि जायचं. मी फॉर्म भरतो."

त्याने नळ बंद केला. पेपरकडे बघितलं नाही.

"कोणागेर?" म्हणाला.

कोणाच्या घरी. बहीण तिच्या सासरी, घराला कुलूप. गटारात साबणाचं पाणी चाललं होतं, पाऊस पडत होता, आणि आत कोणीतरी रेडिओ लावला होता. अशा वेळी मी एरवी सरकारवर घसरलो असतो. पण ज्याला शिव्या द्यायच्या ते सरकारच आता राहिलं नव्हतं.

"मला तुला एक सांगायचंय," मी म्हणालो. आणि सांगितलं. पहिल्या पत्रातला शब्द, एस्ट्रेंज्ड, खाली केलेली सही, दाखल्याची तारीख. क्रमाने सांगितलं, मसुद्यासारखं. सांगताना माझा आवाज मलाच रेकॉर्ड्समधल्यासारखा वाटत होता. शेवटी म्हणालो, "तुझी आई मी... म्हणजे, तू पोचला असतास. वेळेत पोचला असतास."

तो पातेलं उलटं ठेवत म्हणाला, "खबर आसा."

"काय?"

"म्हाका खबर आसा. पाद्रीन सगळे कागद वाचून सांगले. माय गेली, त्याच म्हयन्यांत."

सहा वर्षं. मिरच्या, नेवऱ्या, माझ्या शिव्या, आणि त्याचं ते 'आसतलें'.

"मग तू बोलला का नाहीस?"

"हांव कित्याक उलयतलों? तूं सांगता काय ना, तें पळयतालों." मी कशाला बोलू? तू सांगतोस की नाही, ते बघत होतो.

"अरे, मी सांगणारच होतो. रोज मनात यायचं. फक्त..."

त्याने हात कोरडे केले, तेव्हा कुठे माझ्या हातातला पेपर घेतला, ती चार ओळींची बातमी शोधली, तिच्यावर ओलं बोट ठेवलं, आणि पेपर मला परत दिला.

"तुजेपयलीं लिस्बनाक अक्कल आयली, बाब."